वहीची मागची बाजू

ढमीला जाऊन आता अकरा महिने झाले. सुरुवातीचे तीन-चार महिने मला एक गोष्ट फार छळत होती आणि ती मी कुणाजवळ बोलले नव्हते. तिची आठवण काढायला बसले की डोळ्यांसमोर फक्त शेवटचे सात आठवडेच यायचे. वर आलेली पाठीची हाडं, तोंडाचा तो उग्र वास, पुढच्या पायावर भादरलेला केसांचा चौकोन. तेरा वर्षं जी कुत्री आमच्या घरात नांदली, धावली, भांडली, ती कुठे गेली तेच कळेना. मोबाइलमध्ये तिचे शेकडो फोटो होते, पण उघडले तरी ते दुसऱ्याच कुणाच्या कुत्रीचे वाटायचे.

त्या आधीच्या ढमीपर्यंत मी परत कशी पोचले, ते सांगायचं आहे. पण आजारपण वगळून ते सांगता येणार नाही.

आमच्याकडे आली तेव्हा ती जेमतेम आठ आठवड्यांची होती. पोट इतकं गरगरीत की चालताना जमिनीला टेकायचं, म्हणून ढमी. लेक तेव्हा दोन वर्षांची होती. दोघी एकाच सुमाराला जिना उतरायला शिकल्या, एक बसून आणि एक तोंड खाली घालून. नवऱ्याला कुत्रं हवंच होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लहानपणी कुत्रं चावल्यामुळे कायमच्या धास्तावलेल्या. त्यांनी विरोध केला नाही, फक्त एवढंच म्हणाल्या, "मी हात लावणार नाही. मला सांगू नका." तेरा वर्षांत त्यांनी खरोखरच तिला हात लावला नाही.

आजाराची सुरुवात पाण्यापासून झाली, आणि ती आम्हाला दिसली नाही. ढमीचं पाण्याचं भांडं भरायचं काम घरात कुणा एकाचं नव्हतं. जो रिकामं बघेल तो भरायचा. त्यामुळे ते दिवसातून किती वेळा भरलं जातंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रात्री ती बाहेर न्यायला उठवू लागली तेव्हा वाटलं, वय झालं. खाणं कमी झालं तेव्हा वाटलं, उकाडा आहे. एक दिवस पाठीवरून हात फिरवताना मणके एकेक करून मोजता आले, तेव्हा दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला पाणी किती पिते?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून बाहेर टाकायचा कचरा, ४.१ आलं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या चार पायऱ्या धरतात, त्यातली ही तिसरी. डॉक्टरांनी कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढलं आणि त्याचा पाऊण भाग पेनाने काळा केला. म्हणाल्या, क्रिएटिनिन वाढलेलं दिसायला लागतं तोवर साधारण एवढं काम थांबलेलं असतं. उरलेलं पाव मूत्रपिंड सगळा भार ओढत असतं. गेलेला भाग परत येत नाही. लघवी घट्ट करण्याची ताकद गेली की शरीरातलं पाणी नुसतं वाहून जातं आणि कुत्रं ते भरून काढायला सारखं पाणी पितं. म्हणजे आम्ही जे भांडं इतक्या मायेने भरत होतो, तीच तिच्या आजाराची खूण होती. हे मला फार लागलं. अजूनही लागतं. ज्यांच्या घरात सात-आठ वर्षांच्या पुढचं कुत्रं आहे त्यांना मी आवर्जून सांगते, वर्षातून एकदा तरी रक्त आणि लघवी तपासून घ्या. एसडीएमए नावाची एक तपासणी आहे, ती क्रिएटिनिनच्या आधी इशारा देते. आणि भांड्यात पाणी मापाने ओता. चोवीस तासांत किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल तर थांबू नका.

त्या संध्याकाळी लेकीने तिची एक कोरी वही दिली. दोनशे पानी, आखीव. पहिल्या पानावर मी लिहिलं: पाणी २१०० मिली. ढमीचं वजन तेव्हा सतरा किलो होतं.

पुढचे सात आठवडे त्या वहीवर चालले. रकाने पाडले होते: पाणी, खाणं, उलटी, लघवी, औषधं, सलाईन. सलाईन आम्ही घरीच द्यायला शिकलो. डॉक्टरांनी दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा माझ्याकडून करवून घेतलं. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर उचलायची, तंबूसारखी, आणि तंबूच्या दारातून सुई आत सरकवायची. पहिल्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते की सुई आरपार गेली आणि पाणी तिच्या केसांवरून जमिनीवर आलं. ढमी हलली नाही. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागली. सलाईनची पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवायची, कारण कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२ फॅरनहाइट, आणि गार पाणी कातडीखाली गेलं की ते शहारतं. पिशवी कपाटाच्या मुठीला अडकवायची. अडीचशे मिली आत जायला सात-आठ मिनिटं लागायची. पाठीवर लिंबाएवढं, मग संत्र्याएवढं टेंगूळ यायचं. ते रात्रीतून हळूहळू एका बाजूला ओघळायचं आणि सकाळी पुढच्या पायाच्या वर पाणी भरलेली पिशवी लोंबताना दिसायची. दुपारपर्यंत शरीर ते पिऊन टाकायचं.

ती सात-आठ मिनिटं मी जमिनीवर बसून तिच्या कानामागे खाजवत असे. घाई करता येत नव्हती. तिच्या डाव्या कानाच्या आत एक गुलाबी डाग आहे, आकाराने चवळीच्या दाण्याएवढा, हे मला तेरा वर्षांनी तेव्हा दिसलं.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी आणखी एक तक्ता दिला. अ‍ॅलिस विलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी तयार केलेला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगणं अजून तिच्या बाजूने आहे असं धरायचं. मला आधी तो तक्ता क्रूर वाटला. जिवाला गुण कसले द्यायचे? पण त्याचा उपयोग झाला, कारण आम्ही तिघं रोज रात्री वेगवेगळे गुण देत होतो. लेक सर्वांत जास्त द्यायची, नवरा सर्वांत कमी, आणि त्या आकड्यांवरून आम्ही जे एकमेकांशी बोलू शकत नव्हतो ते बोललो गेलो. आनंद कसा मोजायचा यावर मात्र अडलं. मग लेकीने वहीत शेवटी एक नवा रकाना पाडला आणि वर लिहिलं, शेपटी.

सातव्या आठवड्यात क्रिएटिनिन ७.८ झालं. तोंडात व्रण आले. बेरीज आठवडाभर विसाच्या आसपास होती. डॉक्टर म्हणाल्या, "आता आपण तिचं आयुष्य वाढवत नाही आहोत, तिचं मरण लांबवतो आहोत." दुसऱ्या दिवशीची वेळ ठरली.

त्या दिवसाबद्दल थोडं सांगते, कारण जे आधी माहीत असायला हवं ते डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी कागदावर सही घेतली, मग खुर्ची ओढून समोर बसल्या आणि काय काय होईल ते क्रमाने सांगितलं. आधी एक गुंगीचं इंजेक्शन. मग पायातल्या शिरेतून भुलीचंच औषध, पण खूप मोठ्या मात्रेत. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. तिला फक्त गाढ झोप आल्यासारखं वाटेल. डोळे मिटणार नाहीत, ते उघडेच राहतात. थोड्या वेळाने एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल, तो स्नायूंचा झटका असतो, घाबरू नका. लेक पंधरा वर्षांची. आत थांबायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दिलं. ती थांबली. ढमीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, माझ्याकडे पाहून मान हलवली. तो नंतरचा श्वास आलाच. सांगून ठेवलं नसतं तर तो मला जन्मभर झोपू देता ना.

आमचा भाचा सहा वर्षांचा. त्याला कुणीतरी सांगितलं, ढमीला झोपवलं. चार दिवसांनी त्याने फोन करून विचारलं, "उठली का?" आणि त्यानंतर आठवडाभर तो स्वतः झोपायला घाबरला. लहान मुलांना मेली असंच सांगावं. ते ऐकायला कठोर वाटतं, पण मुलांना ते झेपतं. गोडगोड शब्दांनी ती गोंधळतात.

नंतरचं घर. ढमीला दार उघडं दिसलं की बाहेर सुसाट पळायची खोड होती, म्हणून आम्ही सगळेच दार उघडताना आधी गुडघा आडवा घालायचो. तेरा वर्षांची सवय. ती गेल्यावरही महिनोन्‌महिने प्रत्येकजण दार फटीएवढं उघडायचा, गुडघा आडवा घालायचा आणि मग आत पळायला किंवा बाहेर निसटायला कुणीच नाही हे कळून तसाच उभा राहायचा. रात्री फरशीवर नखांचा आवाज यायचा. मला वाटलं माझंच डोकं फिरलं, मग एकदा नवरा म्हणाला, "तुलापण येतो?"

ऑफिसात रजेच्या अर्जावर मी कारण लिहिलं, घरगुती. कुत्री गेली असं लिहायची लाज वाटली, आणि लाज वाटली याचं जास्त दुःख झालं. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल मांडणी केली होती. ज्या शोकाला समाज जागा देत नाही, सांत्वनाला कुणी येत नाही, तो माणसाच्या आत अडकून पडतो. वाचलं तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. एका मैत्रिणीने प्रेमानेच म्हटलं होतं, "दुसरं पिल्लू आण." तिचा राग आला नाही, पण मी तिच्याशी ढमीबद्दल पुन्हा बोलले नाही.

चौथ्या महिन्यात औषधांचं खोकं आवरायला घेतलं. उरलेल्या सुया, नळ्या, आणि तळाशी ती वही. पहिलं पान उघडायची हिंमत होईना. पण टाकवतही नव्हती, अजून अर्ध्याहून जास्त कोरी होती. मग मी ती उलटी केली, मागच्या बाजूने पहिलं पान काढलं आणि लिहिलं: दार उघडताना गुडघा.

एवढंच. त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी आणखी एक ओळ आली. मग मी स्वतःलाच एक अट घातली. जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, तेवढंच लिहायचं. फार गुणी होती, फार जीव लावायची, असली वाक्यं नाहीत. ती कुठल्याही कुत्र्याला चालतात आणि ती लिहिताना ढमी आणखी लांब जाते असं माझ्या लक्षात आलं. "आंघोळीचा टॉवेल हातात घेतला की पलंगाखाली, पण शेपूट बाहेर." "पाऊस पडायच्या आधी जमीन हुंगून शिंकायची." "पंजांना ऊन लागलेल्या सतरंजीसारखा वास." ही वाक्यं फक्त तिची होती. एक लिहिलं की त्याच्यामागून दुसरं यायचं, जसं धाग्याचं टोक सापडलं की उसवत जातं. शेवटच्या सात आठवड्यांच्या मागे तेरा वर्षं जशीच्या तशी उभी होती, फक्त समोरच्या दारातून मला आत जाता येत नव्हतं.

मग मी घरातल्यांना विचारायला लागले, आणि कळलं की आमच्या घरात चार वेगळ्या ढमी होत्या. नवऱ्याची ढमी पहाटेची. रोज फिरायला निघाल्यावर ती एका ठरावीक दिव्याच्या खांबापाशी बसकण मारायची आणि उजाडेपर्यंत हलायची नाही. तो तेवढा वेळ तिच्याशेजारी उभा राहायचा. नोकरी गेली होती त्या वर्षी, तो म्हणाला, दिवसातला तेवढाच वेळ बरा जायचा. हे मला माहीत नव्हतं. लेकीची ढमी पलंगामागच्या सांदीतली. शाळेत कुणी काही बोललं की ती तिथे जाऊन रडायची आणि ढमी सांदीच्या तोंडाशी आडवी पडायची, की कुणी आत येऊ नये.

लेक म्हणाली, जुने व्हिडिओ बघू या. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं होतं की मालकाला पाहिल्यावर कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकत हलते आणि दांडगं अनोळखी कुत्रं दिसलं की डावीकडे. ढमीची कशी हलायची ते तिला तपासायचं होतं. मी व्हिडिओ बघणं टाळत होते, पण काहीतरी शोधायचं आहे म्हटल्यावर बघवले. एका व्हिडिओत मी दारातून आत येते आणि ढमी आख्ख्या अंगाने वळवळते. आम्ही तो हळू करून सहा वेळा पाहिला. शेपटी उजवीकडे. त्या व्हिडिओत माझा आवाजही आहे, "अगं हो, हो, आले, आले." तो आवाज मी त्यानंतर कुणासाठी काढलेला नाही.

एक बोच तरीही राहिली होती. ते सात आठवडे आम्ही तिच्यासाठी केले की स्वतःसाठी? आधीच सोडवायला हवं होतं का? त्यावर उत्तर असं मिळालं नाही, पण लेकीने एक गोष्ट वाचून दाखवली. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक पुरुष आणि एक स्त्री यांची सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची दफनं सापडली. त्यांच्यासोबत एक कुत्रं होतं, साधारण सात महिन्यांचं. पुढे संशोधकांनी त्याच्या दातांवरच्या खुणा वाचल्या. पाचव्या महिन्याच्या सुमाराला त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला होता, एकदा नाही, आजाराच्या लाटांवर लाटा आल्या होत्या. उलट्या, जुलाब, झटके. अशा अवस्थेत ते आठवडेच्या आठवडे जगलं, ते कुणीतरी त्याला पुसलं, ऊब दिली, पाणी पाजलं म्हणून. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी ते ऐकताना कपाटाच्या मुठीकडे बघत होते.

राहिल्या आई. त्यांच्याकडे मी सर्वांत शेवटी गेले. त्यांनी ढमीला हात लावला नव्हता, पण दुपारी घरात दोघीच असत आणि आई बोलत असत. खुर्चीत बसून, उंबऱ्यापलीकडे पडलेल्या ढमीशी. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. मी एकदा लवकर घरी आले होते तेव्हा ऐकलं होतं. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "आई, तुमची एखादी आठवण सांगा ना."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी कसली आठवण. मी कधी तिच्या अंगावरून हातसुद्धा फिरवला नाही. ती मला आवडत होती, हे तिला कसं कळलं असेल?"

मला काही बोलता आलं नाही. मी तेच वाक्य वहीत लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात मागून लिहीत लिहीत मी पुढच्या पानांच्या अगदी जवळ आले. मधे चारच पानं कोरी राहिली होती. त्या रात्री पहिल्यांदा मी वही सरळ केली आणि पहिल्या पानापासून वाचली. पाणी २१०० मिली. पाणी १९०० मिली. उलटी एकदा. सलाईन २५०. आकडे खाली खाली जात होते, ते मला माहीत होतंच. पण शेवटचा रकाना मी तेव्हा नीट पाहिलाच नव्हता, तो लेक भरायची, आणि माझं सगळं लक्ष उलट्यांकडे. ज्या दिवशी तिने तो पाडला त्या दिवसापासून फक्त पाच दिवस तिथे फुली होती. बाकी रोज काही ना काही लिहिलं होतं. हो, बाबा आल्यावर. हो, चेंडू दाखवला तेव्हा, पण उठली नाही. हो, आईने सलाईन देताना, दोनदा.

शेवटच्या सकाळची ओळही तिच्याच अक्षरात होती. पाणी ४० मिली. खाणं नाही. उलटी दोनदा. शेपटी हो, आजी दारातून बोलली तेव्हा.

आईंच्या खोलीतला दिवा अजून चालू होता. मी वही घेऊन तिकडे गेले.